अप्पांचे धडे आणि नवा प्रिंटर

परवा मी इथे ग्रुपवर लिहिलं होतं की दुकानदाराने मला बिघडलेला प्रिंटर दिला. ते चूक होतं. प्रिंटर चांगला आहे. माझ्या वडिलांचा, अप्पांचा, कॉम्प्युटरच इतका जुना आहे की तो नव्या प्रिंटरला ओळखत नाही.

आज दुकानातले अण्णा घरी येऊन बघून गेले. म्हणाले, "नवी सिस्टीम टाकली की प्रिंटर चालेल, अम्मा. पण हा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम मग उघडणार नाही. घरात कोण कोण बोलतं ही भाषा?"

"आता मीच."

मी केलेला चहा ते पूर्ण प्यायले.

इथे कावेरीकाठी माझ्या शाळेत मराठी नव्हतं. म्हणून अप्पा रोज संध्याकाळी या कॉम्प्युटरवर चार ओळी टाइप करायचे आणि मी त्या मोठ्याने वाचायचे. अप्पा गेल्यावर ते धडे छापून ठेवावेत, म्हणून तर प्रिंटर घेतला. आता सिस्टीम बदलण्याआधी पडद्यावरूनच एकेका पानाचा फोटो काढणार आहे, मग ते फोटो छापेन.

अण्णा गेल्यावर एक धडा वाचून बघितला. "कावेरीला पाणी आलं. आत्या पापनाशमहून आली." रिकाम्या घरात माझाच आवाज परका वाटला. अप्पा म्हणायचे, "ऐकणारं कोणी नसलं तर ते वाचन कसलं गे?"

तुमच्यापैकी कोणी फोनवर ऐकाल का? आमची इकडची मराठी सगळी समजली नाही तरी चालेल. सिस्टीम रविवारी बदलायची आहे. मी शनिवारी संध्याकाळी वाचायला बसेन.