फोनची उतरंड

घरात नवीन फोन आला की तो आधी आप्पांच्या हातात जायचा. का, ते विचारायचं नाही. नववीत असताना मी एकदा विचारलं होतं, तर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चप्पल घालून गेलेय!

आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. काळेवाडीत आमचं एकच घर. खाली आप्पा आणि काकू, वर आम्ही तिघं. नवीन फोन आप्पांचा. आप्पांचा जुना बाबांचा. बाबांचा जुना माझा. आणि माझ्याकडून जे काही उरेल ते आईचं. तोवर त्याची काच तडकलेली असते आणि बॅटरी दुपारच्या डब्यापर्यंतही टिकत नाही.

आता गंमत बघा. आप्पा रिटायर झालेत. त्यांना फोन लागतो तो सकाळी सगळ्यांना गुलाबाचे फोटो पाठवायला. आई निघोज्याच्या एका कंपनीत पॅकिंग लाइनवर आहे आणि तिची हजेरी फोनवर लागते. गेटपाशी उभं राहायचं, ॲप उघडायचं, स्वतःचा फोटो काढायचा, हिरवी खूण आली की आत. वेळेत आली नाही तर लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला. घरात जिची नोकरी फोनवर चालते, तिलाच सगळ्यात शेवटचा फोन!

ऑफिसमधल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसतात आणि म्हणतात, "अजून सांग." अजून आहेतच. हे किस्से आमच्याकडे जुन्या चार्जरसारखे आहेत. कुठलाही ड्रॉवर उघडा, एक निघतोच.

*

आप्पांनी आयुष्यभर पिंपरीच्या कारखान्यात लेथ चालवली. दर खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू, हार, नारळ. त्यामुळे जे विजेवर चालतं त्याची पूजा झालीच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. फाइव्ह-जीचा फोन आला तेव्हा काकूंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि आप्पांनी फोनच्या पाठीवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. कुंकू ओलं होतं. थोडं चार्जिंगच्या भोकात गेलं.

संध्याकाळी फोन चार्ज होईना. मी तो घेऊन चौकातल्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने आत टॉर्च मारला, सुईने लाल पूड कोरून काढली आणि म्हणाला, "ताई, हा या आठवड्यातला तिसरा. फाइव्ह-जी आल्यापासून माझ्याकडे कुंकवाचेच पेशंट यायला लागलेत!"

घरी येऊन मी आप्पांना बजावलं, "पुढच्या वेळी पूजा करायचीच असेल तर फोनच्या बॉक्सची करा."

आप्पांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "बॉक्स काय काम करतंय?"

*

फाइव्ह-जी आलं आणि त्याच्याबरोबर अनलिमिटेड डेटा आला. पण 'अनलिमिटेड' या शब्दावर आप्पांचा विश्वासच नाही. धाराशिवकडच्या गावात टँकरची वाट बघत त्यांचं लहानपण गेलं. "आज अनलिमिटेड म्हणायलेत. उद्या बंद केलं म्हंजे?" त्यामुळे मेसेज वाचून झाला की डेटा बंद, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करावा तसा.

सोनालीताई, म्हणजे आप्पांची मुलगी, नागपूरला असते. व्हिडिओ कॉल करायचा असला की ती आधी साधा कॉल करते. "आप्पा, नेट चालू करा, मी कॉल करतेय." मग आप्पा चष्मा शोधतात. मग बटण शोधतात. तोवर ताईचा स्वयंपाक होतो.

एकदा आप्पांच्या नातीने पहिलं पाऊल टाकलं. ताईने धावत कॉल लावला. आप्पांचं नेट बंद! साधा कॉल, चष्मा, बटण, सगळं होऊन आप्पा स्क्रीनवर आले तेव्हा नात खाली बसून बिस्किट खात होती.

आप्पा हळूच म्हणाले, "तिला म्हण की, अजून एकदा उभी राहा."

ती काही राहिली नाही. त्या संध्याकाळी आप्पा जिना चढून वर आले. मला म्हणाले, "पोरी, ते नेट कायमचं चालू ठेवायचं कुठून असतं?" मला एकदम वाईट वाटलं. मी चालू करून दिलं आणि आता याला हात लावू नका म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा बंद!

"आप्पा!"

"अगं, नात झोपायची वेळ हाय ही. झोपल्यावर कशाला चालू ठेवायचं?"

*

बाबांचा किस्सा जरा जुना आहे, सोनालीताईच्या साखरपुड्याचा.

बाबा चाकणला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर आहेत. कंपनीत आतले फोटो काढू नयेत म्हणून गेटवर सिक्युरिटीवाले फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतात. सुटी झाली की सगळे ते टरकन काढून फेकतात. बाबा काढत नाहीत. "उद्या परत लावायचंच हाय. त्या वॉचमनला रोज कशाला तरास?" एकाच स्टिकरवर बाबांनी कित्येक महिने काढले. फोटो काढायची त्यांना आवड नाही, त्यामुळे काही बिघडलंही नाही.

साखरपुड्याला फोटोग्राफरला उशीर झाला, म्हणून व्हिडिओची जबाबदारी बाबांवर आली. बाबा दीड तास हात न हलवता उभे. घाम पुसायलासुद्धा हात खाली घेतला नाही. स्क्रीन काळी आहे हे त्यांना दिसत होतं. पण त्यांना वाटलं, बॅटरी वाचवायला फोन तसं करत असेल!

दुसऱ्या दिवशी फोन टीव्हीला जोडून सगळे बघायला बसले. दीड तासाचा काळाकुट्ट साखरपुडा. आवाज मात्र इतका स्वच्छ की बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. आणि मध्येच मुलाच्या आत्याचा आवाज आला, "मुलगी छान आहे हो. पण तिचे वडील जन्मात कधी हसलेत की नाही?"

खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

ताईच्या लग्नाचा अल्बम तुम्ही कधी बघा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, अगदी पाठवणीच्या फोटोतसुद्धा, आप्पा सगळे दात दाखवून हसताहेत!

*

आप्पा वाईट आहेत असं मात्र समजू नका. मी त्यांच्यावर चिडते, पण वाईट ते नाहीत.

आमच्या गल्लीत पहिला मोबाइल त्यांनीच आणला होता. गावाकडून इकडे आलेल्या सगळ्यांनी आपापल्या घरी आप्पांचाच नंबर देऊन ठेवला होता. कोणाचा निरोप आला की आप्पा जेवणावरून उठून सांगायला जायचे. माझा जन्म झाला तेव्हा बाबा सेकंड शिफ्टला होते. दवाखान्यातून आप्पांच्या फोनवर निरोप आला, तर आप्पा स्कूटर काढून थेट चाकणच्या गेटवर गेले. वॉचमन आत सोडेना, म्हणून गेटबाहेरूनच ओरडले, "पोरगी झाली म्हणून सांगा त्याला!" बाबांच्या आधी ते अख्ख्या शिफ्टला कळलं.

हे सगळं मला आईने सांगितलं. वर म्हणाली, "तेव्हापासून नवा फोन आधी भाऊजींचा. आलं लक्षात?"

"आई, तेव्हा निरोप आणायला फोन लागायचा त्यांना. आता तुला लागतो."

"तू फार बोलतेस," आई म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

*

गेल्या वर्षी ही उतरंड एकदा चुकली. आईचा फोन पार बंद पडला. बाबांचा आणि माझा धड होता, म्हणून आप्पांचा जुना फोन थेट आईकडे गेला.

फोन उघडायला आप्पांचा चेहरा लावलेला होता. पिन काय होता ते आप्पा विसरले होते. "चार आकडे होते," एवढंच त्यांना आठवत होतं!

रिपेअरवाला गावी गेलेला, आठ दिवसांनी येणार. आता करायचं काय? लग्न होऊन या घरात आल्यापासून आईने आप्पांसमोर मान वर केलेली कोणी बघितलेली नाही. डोक्यावरचा पदरसुद्धा ढळू देत नाही. त्या आईला दिवसातून पाच-सहा वेळा फोन घेऊन त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं. आई मान खाली घालून दोन्ही हातांनी फोन धरायची, आणि नेम चुकल्यामुळे फोनला आप्पांचं पोट दिसायचं.

"वर घे. अजून थोडं वर," आप्पा भिंतीकडे बघत सांगायचे. मग फोनला त्यांचा कान दिसायचा!

काकू म्हणाल्या, "लग्न ठरताना मलासुद्धा इतक्या वेळा तोंड दाखवलं नव्हतं यांनी!"

पण खरं सांगते, आईची फर्स्ट शिफ्ट होती, तर ते आठही दिवस आप्पा उजाडायच्या आधी उठून, केस विंचरून पायरीवर बसलेले असायचे. आई जिन्यावरून उतरली की तोंड पुढे करायचे.

पुढचा प्रश्न निघोज्याच्या गेटचा. तिथे आप्पा कुठून आणणार? आईने त्यावर स्वतःच उपाय काढला. काळेवाडीत उघडलेला फोन झोपूच द्यायचा नाही! कंपनीच्या बसमध्ये बसल्यापासून गेट येईपर्यंत ती स्क्रीनवरून अंगठा फिरवत राहायची. वर, खाली, वर, खाली.

शेजारच्या बाईने विचारलं, "एवढं काय वाचताय, वहिनी?"

"वाचत नाही हो," आई म्हणाली, "याला जागं ठेवतेय."

आठ दिवसांत एकही लेट मार्क नाही!

*

आता हे परवाचं.

कंपनीने हजेरीचं ॲप बदललं. नवीन ॲप आईच्या फोनवर उतरेचना. 'तुमच्या फोनवर हे चालणार नाही' एवढंच येत राहिलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सुपरवायझर मॅडमनी आईला लाइन लीडर करायचं म्हटलं. बारा वर्षं एका जागी उभी राहून पॅकिंग केल्यावर! लीडरने प्रत्येक खोक्यावरचं लेबल त्याच ॲपने स्कॅन करायचं असतं. "सोमवारी सकाळी चालणारा फोन घेऊन या, नाहीतर मला दुसरं नाव द्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

आई घरी येऊन मला काय सांगते? "मी म्हटलं त्यांना, आमच्या लाइनवरच्या सुरेखाला करा. तिचा फोन चांगला आहे."

माझं डोकंच फिरलं.

मला माणच्या ऑफिसात नोकरी लागून चार महिने झालेत. शनिवारी दुकानात गेले आणि फोन घेऊन आले. फाइव्ह-जी, कोरा.

बातमी आमच्या घरात नेटवर्कपेक्षा जोरात पळते. रविवारी सकाळी मी खाली उतरले तर आप्पा खुर्चीत बसलेले, चष्मा पुसून तयार. जुन्या फोनचं कव्हर काढून शेजारी ठेवलेलं. बाबांनी तर आपलं सिमसुद्धा काढून हातात धरलं होतं. आप्पांचा फोन आता आपल्याकडे येणार म्हणून! आई दारापाशी उभी होती.

आप्पांनी हात पुढे केला.

"हा आईचा आहे, आप्पा," मी म्हणाले.

"व्हय की. येईल तिच्याकडं," आप्पा म्हणाले.

"उद्या लागतोय तिला. उद्या सकाळी, गेटवर."

बाबा म्हणाले, "अशू, घराची रीत हाय. आधी आप्पांच्या हातात दे, मग काय ते बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"काय गं हे?" काकू म्हणाल्या. "चार बुकं शिकलीस म्हणून थोरल्यांना उलट बोलायचं? तुझी आई तरी कधी बोलली का?"

"नाही बोलली. म्हणून तर मी बोलतेय!"

"मी काय खाऊन टाकायलोय का फोन?" आप्पा दुखावले होते, आवाजातच कळत होतं. "वापरतो थोडे दिवस, अन् देतो."

तेवढ्यात आई पदर सावरत म्हणाली, "दे गं भाऊजींना. मी सांगते मॅडमना."

"काय सांगशील? की माझ्या दिरांना गुलाब पाठवायचेत, म्हणून मला लीडर करू नका?"

मी तिच्यापाशी गेले आणि बॉक्स तिच्या हातात दिला. ती तो पुढे करायला गेली, तर मी तिचा हात धरून ठेवला.

"नाही, आप्पा," मी म्हणाले. "हा नाही मिळणार."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदा हातातल्या बॉक्सकडे पाहिलं. मग नखाने त्याचं सील फोडलं आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सिम कुठून घालायचं गं याच्यात?"

आप्पांचा हात अजून तसाच पुढे होता.

"अन् मग मला?" त्यांनी विचारलं.

"आईचा जुना झाला की तुम्हालाच देऊ, आप्पा."

आप्पांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी काकूंकडे. काकूंनी खिडकीबाहेर.