हळद लागल्यावरचा रंग: जऊळका ते केनवड

वैष्णवीचा मेसेज चौथ्यांदा वाचला आणि मी तिकीट काढून टाकलं. वाशिम जिल्ह्यातल्या केनवडची ही मुलगी माझा ब्लॉग वाचते. तिनं लिहिलं होतं, "ताई, रविवारी माझं लग्न आहे. इथे नवरीला पीठ फासल्यासारखं पांढरं करतात. फोटोत मला मीच दिसायला हवी. याल का?"

असं कोणी विचारलं की मला घरात बसवत नाही. गेली कित्येक वर्षं मी व्यासपीठांवरून घसा फोडून सांगते आहे की गोरेपणा विकणारा बाजार आपल्या न्यूनगंडावर पोसला जातो. आणि मेकअपही मला जिवापाड आवडतो. लोकांना यात विसंगती दिसते, मला नाही. रंग लावणं हा आनंद आहे, रंग बदलायला लावणं हा अपमान आहे. माझ्या कपाटात फाउंडेशनच्या जवळपास चाळीस बाटल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या माझ्या रंगाच्या नाहीतच. त्वचेवर त्या कशा बसतात, उन्हात कशा पालटतात, घामात किती टिकतात, एवढंच बघायला घेतलेल्या. त्यातल्या अठरा पेटीत भरल्या. कपडे नंतर आठवले.

नाशिकहून अकोल्यापर्यंत गाडी, तिथून पॅसेंजरनं जऊळका. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी पॅसेंजरची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि अकोल्यातच खाऊन घ्यावं. मी फलाटाबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले. तर्रीनं ओठांवरची लिपस्टिक पार पुसून नेली. बारा तास टिकेल असं तिच्या डबीवर छापलेलं होतं. तशी नोंद मी लगेच वहीत केली.

जऊळका स्टेशन छोटं आणि शांत. शांतता मला सोसत नाही, म्हणून पहिल्याच रिक्षात चढले. रिक्षानं मालेगाव (वाशिमचं, आमच्या नाशिककडचं नव्हे), तिथून काळीपिवळी जीपनं केनवड. दोन्ही मिळून शंभराच्या आत भागतं, पण जीप भरेपर्यंत ती हलत नाही. मी तीनदा उतरले, तीनदा चढले. शेवटी चालक म्हणाला, "बसा ना ताई, तुमी उतरल्यानं गाडी भरत नाही."

फेब्रुवारी होता. गहू पिवळा पडत चालला होता, हरभरा निघाला होता आणि रस्त्याकडेच्या शेतांत हळद शिजत होती. मोठ्या टाक्यांतून वाफ, ताडपत्र्यांवर पसरलेल्या हळकुंडांचे ढीग. या पट्ट्यात हळद भरपूर पिकते. वास नाकात इतका भरला की माझं अत्तर हरलं. मी खिडकीतून फोटो काढत राहिले. त्या हळदीचा माझ्या कामाशी काही संबंध असेल, हे काही डोक्यात आलं नाही.

केनवडला पोचले तो बाजाराचा दिवस. वैष्णवीच्या घरी जायच्या आधी माझे पाय प्रसाधनांच्या पालाकडे वळले. ते वळणारच. टिकल्या, बांगड्या, पावडरीचे डबे आणि बिनानावाच्या लिपस्टिकांची एक परात. विकणाऱ्या काकांनी माझ्या मनगटावर एकामागून एक सात रेघा ओढल्या.

"हा बिटाचा. हा वांग्याचा. हा चहाचा."

"आणि हा?"

"हा लगनाचा. हा लावला की कोणी इचारत नाही, नवरी कोणती म्हनून."

मी लगनाचा घेतला. ओठांना लावायची हिंमत केली नाही, पण मनगटावरची ती रेघ दोन दिवस साबणाला दाद देत नव्हती.

वैष्णवीचं घर गावाच्या कडेला. चार एकर शेती, त्यातला एक एकर हळदीखाली. वैष्णवी चोवीस वर्षांची, तुकतुकीत सावळी, बोलताना डोळ्यांनी हसणारी. तिला अंगणातल्या उजेडात खुर्चीवर बसवलं आणि जबड्याच्या कडेला सहा छटांच्या रेघा ओढल्या. पाचवी त्वचेत अशी विरघळली की शोधूनही सापडेना. वैष्णवीनं आरसा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "ही मीच आहे."

तिची आई कमलकाकू मात्र कंबरेवर हात ठेवून उभ्या. "काय लावलं व बाई? लावलं का नाई तेच समजत नाई. उद्या लोक म्हनतीन, पोरीले तोंड धुवून उभी केली."

मग काय, मी सुरू झाले. सावळेपणाची लाज आपल्याला कोणी शिकवली, का शिकवली, सगळं सांगितलं. अंगणात बायका जमल्या. एकीनं टाळीही वाजवली.

टाळी वाजत असतानाच मंदाताई दारात आल्या. गावात त्यांचं एका खोलीचं पार्लर आहे. नवरा पुण्यात बांधकामावर होता तेव्हा तिथल्या एका पार्लरात झाडू मारता मारता त्या हे काम शिकल्या. या लग्नात नवरी सजवायचं कामही आधी त्यांच्याकडेच ठरलं होतं. मी आल्यामुळे ते सुटलं होतं आणि नवरीला घालायला आधीच देऊन ठेवलेले दागिने त्या परत करायला आल्या होत्या. त्यांनी वैष्णवीच्या जबड्याकडे पाहिलं आणि मला एवढंच विचारलं, "हयद लागाच्या पयले शेड काढली का?"

मी म्हणाले, "मंदाताई, प्रश्न हळदीचा नाहीये. प्रश्न विचारांचा आहे."

त्यांनी मान हलवली, दागिन्यांचा डबा काकूंच्या हातात दिला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. मी फक्त सुरुवात पाहिली. काकूंनी स्वतःच्या शेतातली, घरी दळलेली हळद परातीत कालवली होती, जवळजवळ नारिंगी. पहिलं बोट लागलं, गाणी सुरू झाली आणि माझी चुळबुळही. कापूस कमी पडेल असं वाटलं, म्हणून एसटीनं रिसोड गाठलं. रिसोडला कापूस मिळाला, एक सुरेख निळं काजळ मिळालं आणि एका खानावळीत ज्वारीची भाकर, ठेचा आणि पातोडीचा रस्सा. पातोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या, तिकडे गेलात तर चुकवू नका. मी परतले तेव्हा वैष्णवीला तिसऱ्यांदा हळद लागून वाळली होती आणि ती ओट्यावर पिवळीधमक बसून हसत होती. मीही हसले.

लग्नाच्या सकाळी वैष्णवीनं साबणानं तोंड घासघासून धुतलं. मी पाचव्या नंबरची बाटली उघडली, लावली, थोपटली आणि हात थांबले. चेहरा राखेसारखा दिसत होता. कान पिवळे, गळा पिवळा, केसांची कड पिवळी आणि मधे करडा मुखवटा. मी आणखी थर दिला, तर मुखवटा आणखी करडा झाला. दारातून एक आजी डोकावल्या. "काहून व, पोरीले ताप आला का?"

वैष्णवीनं आरशात पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "ताई, ही मी नाही."

काकूंनी पांढऱ्या पावडरीचा डबा पुढे केला. "आता हेच लावा. समदं दबून जाईन."

दबलं असतं. खरंच दबलं असतं. आणि मी जिच्यासाठी आले होते ती मुलगी लग्नाच्या एकूण एक फोटोत पांढरी राहिली असती, माझ्या हातानं. वरात वेशीवर आल्याचं कोणीतरी ओरडलं. मी काकूंच्या पुतणीला गाडी काढायला लावली आणि मागे बसून मंदाताईंचं पार्लर गाठलं.

त्या कात्री पुसत होत्या. "भाषन संपलं का तुमचं?"

"संपलं. चला. मला जमत नाहीये."

त्या लगेच उठल्या. हे मला लिहून ठेवायचं आहे, की त्या लगेच उठल्या.

घरी येऊन त्यांनी माझं सगळं पुसलं. साय आणि बेसन कालवून कानांमागं, केसांच्या कडेला, गळ्यावर फिरवलं. वरवरची हळद उतरली, आत मुरलेली राहिली. ती त्यांनी राहू दिली. "हयद पुरी काढाच्या नादी लागाचं नाई. तिले धरून घ्याचं." माझ्या अठरा बाटल्या ओळीनं लावल्या, एक सोनेरी पिवळसर उचलली, तिच्यात गडद बाटलीचे दोन थेंब मिसळले. ब्रश आधी गळ्याला लावला.

"चेहरा सोडून गळा?"

"पयले गया, मंग तोंड. तोंडापासून खाली गेलं का फसलंच."

मी बाटल्यांची झाकणं उघडून देत राहिले. त्या दिवशी माझं काम तेवढंच होतं, आणि तेवढंही मी दोनदा चुकले.

काम चालू असताना त्यांनी वैष्णवीला विचारलं, "मले कायले नाई सांगितलं व, सावयीच ठेवा म्हनून?"

"तुम्ही सगळ्यांना पांढरंच करता ना."

"लोक तेच मांगतात. तू मांगून तं पाहाचं होतं."

वैष्णवीची मान खाली गेली. मला त्या दोघींपेक्षा जास्त लागलं. व्यासपीठावर मी ज्या पार्लरवाल्या बायकांना नेहमी पलीकडच्या बाजूला उभं करते, त्यातल्या एकीलाही मी आजवर काही विचारलेलं नाही.

वैष्णवी मांडवात गेली ती तिच्याच रंगात, वर हळदीची झाक घेऊन. कमलकाकू तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "लय काई पांढरी नाई दिसत," एवढं म्हणून त्या वाढायला गेल्या. निघताना माझ्या गडद छटांच्या सात बाटल्या मंदाताईंकडे ठेवल्या. तिकडच्या दुकानांत त्या मिळतच नाहीत. रागावायचं असेल तर या गोष्टीवर रागवा.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. माझं मत बदललेलं नाही. पुढच्या भाषणातही मी तेच बोलणार आहे, तितक्याच जोरात. पण बोलताना मधेच अडखळते. समोर बसलेल्या बायकांमध्ये पार्लर चालवणारी कोण, ते शोधत राहते.

काल वैष्णवीचा फोन आला. लग्नाचा अल्बम आला होता. फोटोवाल्यानं कोणी न सांगताच सगळ्यांना संगणकावर गोरं करून टाकलं होतं, नवरीला, करवल्यांना, आणि नवरदेव तर दुधातून काढल्यासारखा. ऐकताना मी खुर्चीतून उठले. इथून फोन करून त्याला काय काय सुनावायचं ते तोंडावर आलं होतं.

"ताई, ऐका तर," वैष्णवी म्हणाली. "आई गेली होती दुकानात."

कमलकाकूंनी अल्बम काउंटरवर उघडून ठेवला होता आणि फोटोवर बोट टेकवून म्हणाल्या होत्या, "ही कोनाची हाय? माही पोरगी नोहे हे. माही पोरगी सावयी हाय. तिचे फोटू काढून दे, तवर मी इथंच बसतो."

आणि त्या बसल्या, दुकानातल्या बाकावर, दुपारभर.