पनवेलचं पूल टेबल आणि मधला शनिवार

कडप्पावाल्याचा टेम्पो सोमवारी सकाळी पनवेलहून रिकामा परत गेला. ही बातमी रूबेन पेणकरांनी मला फोनवर दिली, आणि देताना ते हसत होते. टेम्पोत जाणार होते ते एका जुन्या पूल टेबलाचे तीन दगड. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात त्यांचा ओटा झाला असता. ते आता जिथे होते तिथेच आहेत, नव्या हिरव्या कापडाखाली.

पुण्याची माणसं पनवेलला जातात ती बहुतेक वेळा पुढे कुठेतरी जायला. आम्ही पनवेललाच गेलो, तीन दिवसांसाठी. माझी धाकटी बहीण शुभदा पूल आणि बिलियर्डची टेबलं दुरुस्त करते. आधी ती भोसरीच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या विभागात होती. कारखाना सोडला, पण मापं तपासायची सवय राहिली. तिचा नेहमीचा सहकारी लग्नाला गावी गेला होता आणि मला नोकरीतून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. "दादा, गाडी चालव आणि सांगेन तिथे धर, एवढंच काम आहे," असं तिने सांगितलं. मी हो म्हणालो.

शुक्रवारी पहाटे निघालो. द्रुतगती मार्गावर फूडमॉलला गर्दी होती, म्हणून घरून आणलेली थालीपिठं गाडीतच खाल्ली. शेडुंगला बाहेर पडून जुन्या रस्त्याने पळस्पे फाट्याला आलो. या वाटेने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर फाट्यावर रांग लावतात, आणि ती रांग छोट्या गाडीसाठी हलत नाही. आम्ही तिथे जेवढा वेळ उभे होतो तेवढ्यात घाट उतरून झाला असता. राहायला एस.टी. स्टँडजवळ लॉज घेतला. दोन खोल्या, स्वच्छ, दोन हजारांच्या आत. मागच्या बाजूची खोली मागून घ्यावी, रस्त्याकडच्या खोलीत झोप लागणं कठीण.

पेणकरकाकांचा हॉल जुन्या पनवेलात, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर आहे. वर काका आणि एस्तेरकाकू राहतात. काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हा न्हावा शेव्याच्या एका कंपनीचा अधिकाऱ्यांचा क्लब बंद होत होता. तिथलं टेबल त्यांनी घेतलं आणि खाली मांडलं. कामोठ्याची कॉलेजची पोरं, ट्रेलरचे ड्रायव्हर, आजूबाजूचे दुकानदार असे सगळे इथे खेळत आले. आता काका-काकू इस्रायलला मुलीकडे कायमचे जायचे आहेत. हॉल जवळच्या ओवे गावच्या जगन घरतने घ्यायचं ठरलं होतं. जगनची कोल्ड्रिंकची एजन्सी आहे आणि तो इथला जुना गिऱ्हाईक. त्याची अट सरळ होती. टेबल नीट चालत असेल तर हॉल टेबलासकट घेईन आणि खेळ चालू ठेवीन. नसेल तर टेबल काढा, तिथे पेट्या ठेवीन. पेट्यांची गाडी रविवारी संध्याकाळी यायची होती आणि कडप्पावाला सोमवारी सकाळी.

काकांनी हे सगळं चहा देताना सांगितलं, बँकेतल्या माणसाच्या आवाजात, एकामागून एक. मग टेबलाच्या एका टोकाला उभे राहिले आणि पांढरा चेंडू हलक्या हाताने सोडला. चेंडू मधल्या खिशापर्यंत सरळ गेला, तिथे थबकल्यासारखा झाला आणि डावीकडे वळून कडेला टेकला.

"दगड वाकला असं सगळे म्हणतात," काका म्हणाले.

"दगड वाकत नाही काका," शुभदा म्हणाली. "दगडाखालचं लाकूड वाकतं, नाहीतर माणसं वाकवतात."

कडा सोडवल्या, कापड उचकटलं. ज्यांनी अशा टेबलाचं पोट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कापडाखाली लाकडी सांगाड्यावर तीन जड दगडी पाट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन पाट्यांमधली फट मधमाशीच्या मेणाने भरून, घासून सपाट करतात. कापडावरून ती फट हाताला लागता कामा नये. इथे ती डोळ्यांना दिसत होती. दोन्ही सांध्यांवर पांढरी, कडक, पापडीसारखी रेघ उभी राहिली होती. कापडाच्या उलट्या बाजूलाही तसाच थर होता. शुभदाने नखाने एक तुकडा काढला, बोटांत चुरला आणि वास घेतला.

"काका, ही कॅरमची पावडर आहे?"

"हो तर." काका खूश झाले. "दर रविवारी सकाळी मी स्वतः टाकायचो. अख्खा डबा. हाताने पसरून, वर फडका मारून. एक रविवार चुकवला नाही."

हॉल सुरू झाला तेव्हा येणारे सगळेच कॅरमचे खेळाडू होते. बोर्डावर पावडर टाकली की सोंगटी पळते, तर इथेही चेंडू पळेल, असा तो साधा हिशेब. आणि सुरुवातीला चेंडू पळालाही असणार. पण पावडर कापडाच्या विणीतून खाली उतरली, पनवेलच्या दमट हवेत सांध्यांवर घट्ट झाली आणि तिने मेण उखडून वर काढलं. ज्या टेबलाची इतकी वर्षं निगा राखली, ते त्या निगेनेच बिघडलं होतं. शुभदाने हे काकांना सांगितलं. ते वर गेले आणि बऱ्याच वेळाने खाली आले, हातात घरातला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन.

दिवसभर आम्ही पावडर काढत होतो. मी ब्रश धरला, काकांनी नळी, शुभदाने पत्र्याची पट्टी. मधेच जगन येऊन बघून गेला. धिप्पाड, शांत माणूस, गळ्यात सोन्याची साखळी. त्याने बादलीत साठलेली पावडर पाहिली आणि काकांना म्हणाला, "एवढ्यात ओव्याच्या सगल्या पोरांचा कॅरम झाला असता, काका."

पाट्या पुन्हा बसवून, खाली पाचरी सारून, लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. आता मेण. मेण वितळवायला गॅसची टॉर्च लागते. शुभदाने ती पेटीतून काढली आणि काकांकडे पाहिलं. काका दारातून आकाशाकडे पाहत होते.

पेणकर बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू. मूळ पेणकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. जुन्या काळी कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत या घरात विस्तव पेटत नाही. काका म्हणाले, तुम्ही करा, तुम्हाला बंधन नाही, मी वर जातो. जगन पुन्हा आला होता, दारातच उभा होता. त्याला हे पटलं. एक दिवस वाया गेला तर रविवारी काम होणार कसं, असं त्याने विचारलं. मग आवाज खाली आणून शुभदाला म्हणाला, "काका वर गेले की चालू करा. आमी कुनाला सांगत नाय."

शुभदाने टॉर्च पेटीत ठेवली. "हॉल आज त्यांचा आहे. रविवारी तुमचा झाला की तुम्ही सांगा तेव्हा पेटवीन."

जगन खांदे उडवून गेला. मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नव्हतं. मी शुभदाला तसं सांगितलंही, आणि गाडी चालवायला आणलेल्या माणसाने गाडीपुरतंच बोलावं, असं उत्तर मिळालं.

एस्तेरकाकूंनी आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. सूर्य मावळायच्या आत दिवे लागले, काकांनी प्रार्थना म्हटली, मग भात आणि नारळाच्या दुधातलं पापलेटाचं कालवण. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून त्यांच्या घरात जिथे तिथे नारळ, असं काकूंनी सांगितलं. इस्रायलमध्ये नारळ मिळतो का, याची चौकशी त्यांनी मुलीकडे तीनदा केली होती. मिळतो, पण डब्यात, हे उत्तर त्यांना पसंत नव्हतं.

शनिवारी काम नव्हतं, म्हणून कर्नाळ्याला गेलो. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. सकाळी लवकर गेलात तर पक्षी दिसतात, उशिरा गेलात तर सहली दिसतात. आम्हाला दोन्ही दिसलं. किल्ल्याची चढण वरच्या टप्प्यात दमवते. सुळक्याखाली पोचल्यावर वारा लागतो आणि खाली कंटेनरची रांग आगपेट्यांसारखी दिसते. पाणी बरोबर न्यावं. दुपारी पनवेलला परत येऊन बोंबील आणि तांदळाची भाकरी खाल्ली, संध्याकाळी वडाळे तळ्याकाठी बसलो. शुभदा म्हणाली, "उद्या मला दोन दिवसांचं काम एका दिवसात करायचंय. आणि नाही झालं तर दोष त्यांच्या देवाला लागेल."

रविवारी सकाळी सातला हॉल उघडला. तिने टॉर्चला हात लावण्याआधी पाट्यांवर पुन्हा लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध नव्हता. शुक्रवारी होता, मी स्वतः पाहिला होता. दगडांच्या वजनाने सांगाडा एका कोपऱ्यात किंचित खाली बसला होता. शुक्रवारीच मेण भरून कापड ताणलं असतं तर हे कापडाखाली झालं असतं आणि आठवड्याभरात चेंडू पुन्हा वळायला लागला असता.

"एक दिवस बसू द्यायला हवंच होतं," शुभदा म्हणाली. "मी दिलं नसतं. घाई होती."

तिने पाचर बदलली. मग निळी ज्योत, मेणाचा वास, पात्याने घासणं, पुन्हा मेण, पुन्हा घासणं. नवं कापड ताणताना तिसऱ्या माणसाची गरज पडली आणि काकांनी एक कोपरा धरला. एका बाजूचं रबर कडक झालं होतं, ते बदललं. दुपारी चारपर्यंत कडा बसल्या. पाचला जगन आला. बाहेर पेट्यांची गाडी उभी करूनच आला होता.

त्याने चेंडू घेतला, टोकाला ठेवला आणि नुसता बोटाने ढकलला. चेंडू पहिला सांधा ओलांडून मधल्या खिशाजवळून गेला, दुसरा सांधा ओलांडला, समोरच्या रबराला लागून त्याच रेषेत परत आला आणि त्याच्या हाताजवळ थांबला. त्याने आणखी दोनदा करून पाहिलं. नंतर वाकून, एक डोळा मिटून कापडाकडे बघत राहिला. ड्रायव्हरने बाहेरून हॉर्न वाजवला.

"सरल हाय," जगन म्हणाला. "पन स्लो हाय."

नव्या कापडाची लव बसायला थोडे दिवस लागतात, ब्रश एकाच दिशेने मारत राहायचा, असं शुभदा सांगत होती. तोवर जगनने सवयीने खिडकीच्या फळीवरून पावडरचा डबा उचललाही होता. झाकण उघडणार, इतक्यात काका मधे आले.

"डबा इकडे दे."

"काका, थोडीच..."

"दे. तिकडे नातवाकडे कॅरम बोर्ड आहे. हा मी घेऊन जातो."

जगनने डबा दिला. मग हसला आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरला पेट्या ओव्याला घरी न्यायला सांगितलं. "आई ओरडंल," एवढंच तो आमच्याकडे वळून म्हणाला.

परतीला घाटात अंधार झाला. शुभदा शेजारी झोपली होती, तिच्या हातांना मेणाचा वास येत होता. प्रवासात किल्ला पाहिला, मासे खाल्ले, पण घरी आल्यावर मला आठवतोय तो रविवार सकाळचा बुडबुडा. मी सगळी नोकरी उद्याचं काम आज देण्यात काढली. मधे एक दिवस काहीही न करता ठेवायचा, ही कामाची पद्धत असू शकते हे मला माहीत नव्हतं. शुभदालाही नव्हतं. आता ती प्रत्येक टेबलाला एक मोकळा दिवस धरणार आहे, आणि गिऱ्हाइकांना ते कसं पटवायचं याची चिंता तिने आत्तापासून सुरू केली आहे.

पावसाळ्यात कापड थोडं सैल पडेल, तेव्हा तिची पनवेलला एक फेरी होईल. काका-काकूंचं विमान या महिनाअखेरीला आहे. हॉल आता शनिवारीही उघडायचा, असं जगनने ठरवलंय, कारण कामोठ्याच्या पोरांना सुट्टी त्याच दिवशी. काकांची त्याला हरकत नाही. पण ते वरच्या मजल्यावर आहेत तोवरचे शनिवार बंदच राहतील, असं जगननेच त्यांना सांगितलंय. ते गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी हॉल उघडेल, आणि त्या दिवशी चांगली गर्दी होईल असा त्याचा अंदाज आहे.