कानबाईच्या आसनावरचं मेण

धुरपदाबाईंच्या अंगणात आलेला डाग तसाच परत गेला, असं तापीकाठच्या त्या गावात कुणाला आठवत नाही. गाव शिंदखेडा तालुक्यातलं, आणि केळीचं. घड कापताना चीक उडतो, आणि केळीच्या चिकासारखं चिवट दुसरं काही नाही. वाळला की कापड फाटेल, पण डाग हलणार नाही. म्हणून चीक लागला की माणूस घरी न जाता तडक धुरपदाबाईंकडे धावायचा. त्या हातातलं काम टाकून लिंबू कापायच्या, मीठ घ्यायच्या आणि डाग ओला असतानाच अंगठ्यानं असा चोळायच्या, की सदऱ्याच्या मालकालाही आपलाच खांदा दुखल्यासारखं वाटावं.

"डाग मन्हा नावले भ्यास," असं त्या म्हणायच्या आणि पदर सारखा करायच्या. त्यांचे यजमान नथ्थूआबा यावर हळूच म्हणायचे, "डागच काय, मी बी भ्यास." बाईंना ताठा होता, हे खरं. पण हातात गुण असलेल्यानं थोडा ताठा दाखवला तर कुणाचं काय जातं? बिनगुणाचे लोक काय कमी मिरवतात?

या ताठ्याचं मूळ ट्रंकेत होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या भाऊबंदांची कानबाई, खानदेशातली घरोघरची देवी, बसते. चौरंगावर ज्या लाल मखमली आसनावर ती बसते, ते धुरपदाबाईंच्या सासूनं, भागाबाईंनी, स्वतः शिवलेलं. कडेनं जर, आतून अस्तर. सासू थकली तेव्हा ते थोरल्या सुनेकडे, भिकुबाईंकडे जाणार हे सगळे धरून चालले होते. भिकुबाईंनी तर ठेवायची जागासुद्धा झाडून ठेवली होती. पण म्हातारीनं आसन धाकटीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हिना हात चोखा शे. हाई हिनाकडे राही."

तेव्हापासून दर कानबाईला भिकुबाई आधी आसनावरून बोट फिरवतात आणि मग देवीला हात जोडतात. डाग सापडला असता तर त्यांनी तो आनंदानं साऱ्या भाऊबंदांना दाखवला असता. तो कधी सापडला नाही.

धुरपदाबाईंचा मुलगा योगराज नोकरीसाठी धुळ्यात राहतो आणि कानबाईला बायकोसह गावी येतो. त्याची बायको सारिका जळगावची. तिचे वडील मोतीलाल यांचा तिथे मांडवाचा धंदा. सूनबाई गोड बोलणारी, कानबाईच्या नैवेद्याचे रोट तर असे भाजायची की सासूनंही मान डोलवावी. पण ट्रंकेला हात लावायची तिला मुभा नव्हती. "मांडववालानी पोर," धुरपदाबाई शेजारणींना सांगायच्या, "हजार लोके जेवी उठतस ती सतरंजी तिले घरनी वाटस. तिले काय चोखं नि काय मयकं?" मयकं म्हणजे मळकं. हे सारिकाच्या कानावर गेलं होतं. ती ते विसरली नव्हती.

यंदा कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वाऱ्यानं तार तुटली आणि दिवेलागणीलाच गावची लाईट गेली. धुरपदाबाईंना धीर कुठला? वाटीत मेणबत्ती चिकटवून त्यांनी ट्रंक उघडली, आसन खाटेवर पसरलं आणि जरीला कुठे कसर लागली नाही ना, हे वाकून पाहू लागल्या. पदराचा फटका बसला. वाटी कलंडली आणि वितळलेलं मेण थेट आसनाच्या मधोमध सांडलं. काही थेंब खाली सतरंजीवरही पडले.

आता त्या थांबल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण आयुष्यभर अंगठ्याला एकच शिकवण, ओलं आहे तोवर चोळ! "लिंबू लई ये! लवकर!" त्या ओरडल्या, आणि लिंबू यायच्या आधीच अंगठा चालू झाला. मेण मखमलीच्या लवेत घुसलं, पसरलं. लव चिकटून झोपली.

सारिका धावत आली. तिनं सासूचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच.

"आई, थांबा! चोळू नका."

"थांबसू तं डाग बशी जाई!"

"हा चीक नाही, आई. चीक वाळला की पक्का होतो. मेण वाळलं की सुटतं. आमच्या गाद्या-गालिच्यांवर दर वाढदिवसाला मेण सांडतं. लहानपणापासून मी तेच काढत आलेय."

धुरपदाबाईंनी हात मागे घेतला. त्या हाताकडे त्या परक्याच्या हाताकडे पाहावं तशा पाहत राहिल्या. सासूनं दिलेली वस्तू, एवढी वर्षं जपलेली, आणि नासवली कुणी? आपणच. त्यांना रडू आलं, आणि रडू आलेलं सुनेनं पाहिलं म्हणून जास्तच आलं.

"तूच दख आते," त्या म्हणाल्या आणि आसन सुनेपुढे सरकवलं. ट्रंकेपाशी सुनेला पहिल्यांदाच जागा मिळाली.

सारिकानं फ्रिजमधला उरलासुरला बर्फ पिशवीत बांधून मेणावर धरला. मेण दगड झालं. चमच्याच्या बोथट कडेनं ती पापुद्रे अलगद उचलत गेली. तेवढ्यात सतरंजीवरचे थेंब सुकले होते, ते तर नखानंच निघाले. पण मखमलीवर जिथे चोळलं होतं, तिथे मेण आत मुरलं होतं.

"आता कोमट इस्त्री लागेल," सारिका म्हणाली. "कापडात धरून उलट्या बाजूनं फिरवली की मेण वितळून कापडात उतरतं. पण लाईट..."

धुरपदाबाईंनी डोळे पुसले. "लाईट नव्हती तवय आम्ही काय चुरगळेल कपडा घालूत का?" त्या उठल्या. परसातल्या चुलीत पाणी तापवायला निखारे होतेच. त्यांनी पितळी तांब्या काढला, बूड राख लावून लख्ख केलं, चिमट्यानं आत निखारे भरले. नथ्थूआबांचे सदरे त्या तरुणपणी अशाच तांब्यानं इस्त्री करायच्या. नथ्थूआबांनी आपलं जुनं धोतर न मागता आणून दिलं. "वर्तमानपत्र नको, शाई उतरेल," असं सारिका नुकतीच म्हणाली होती.

मखमल धोतरावर पालथी घातली. वरून अस्तरावर धोतराचा दुसरा पदर. तांब्या किती तापला हे सासू मनगटाजवळ नेऊन बघायची आणि मग फिरवायची; सून "उचला", "आता सरका" म्हणत खालचं धोतर दर वेळी कोऱ्या जागी ओढायची. धोतरावर तेलकट वर्तुळं उमटू लागली, मग फिकी झाली, मग उमटेनाशी झाली. शेवटी पाण्याच्या वाफेवर आसन धरून सारिकानं मऊ ब्रशनं लव उभी केली. सगळी उठली. फक्त जिथे अंगठा रगडला होता, तिथली बोटभर जागा थोडी दबलेलीच राहिली.

रविवारी कानबाई बसली. नथ घातलेली, हिरव्या खणातली, बघत राहावी अशी. भाऊबंद जमले. भिकुबाईंनी रीतीप्रमाणे आसनावरून बोट फिरवलं आणि ते बोट त्या जागेवर थांबलं.

"हाई काय व्हयनं वं?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मग सारिकाकडे पाहिलं. "मांडववालानी पोरना हात लागना वाटस."

खोलीतली गाणी थांबली. सारिकानं मान खाली घातली. तिला वाटलं, आता आई गप्प राहतील. गप्प राहणं किती सोपं होतं! नावाला डाग लागला नसता.

"हात लागना," धुरपदाबाई म्हणाल्या, "म्हनीसन आसन वाचनं. मेण मी सांडं. चोळं बी मीच. ती दबेल जागा मन्हा अंगठानी शे. बाकी बठ्ठं मन्ही सूननी चोखं करं. मोतीलालभाऊनी पोरनी!"

भिकुबाईंनी बोट उचललं आणि देवीला हात जोडले. नथ्थूआबांनी मोठ्यानं "कानबाई माता की जय" म्हटलं, आणि गाणी पुन्हा सुरू झाली.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून आल्यावर धुरपदाबाईंनी आसन झटकलं, नीट घडी घातली आणि सारिकाच्या मांडीवर ठेवलं.

"आई, पण आम्ही तर धुळ्याला राहतो," सारिका कशीबशी म्हणाली.

"मंग?" धुरपदाबाईंनी पदर सारखा केला. "कानबाईले काय धुळानी वाट मालूम नई?"