ह्यांनी मॉड्यूल बसवलं त्याची गोष्ट

आमचे हे हाडाचे इलेक्ट्रिशियन. फळं-भाज्या साठवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उभी हयात गेली. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी माणसांच्या आधी ह्यांची नजर स्विचबोर्डाकडे जाते, आणि चहा येईपर्यंत बोर्ड उघडलेला असतो. मी मेली लाजेने अर्धी होते.

एकदा हे कामावर शिडीवरून पडले आणि उजवा खांदा कायमचा अधू झाला. हात खांद्याच्या वर जाईना. शिडी न चढणाऱ्या इलेक्ट्रिशियनचं करायचं काय? मोठे साहेब तसे माणूस वाईट नाहीत. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. नाहीतर कंट्रोल रूममधलं टेबल. पण तिथे बसणाऱ्याला खोल्यांच्या तापमानाच्या नोंदींवरून कंप्युटरवर आलेख काढता आला पाहिजे, म्हणजे कुठली खोली तापतेय ते माल नासायच्या आधी कळेल. "महिनाअखेर करून दाखवा, टेबल तुमचं," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "गेट तर गेट. पगार तोच आहे ना?"

"पगार तोच गं," हे म्हणाले, "पण मी तो राहणार नाही."



लेकीचा जुना कंप्युटर घरात पडून होता. तो पुसून हे पुढ्यात बसले आणि मोबाइलवर धडे बघून पायथन शिकायला लागले. पायथन ही कंप्युटरला कामं सांगायची भाषा, अजगराशी तिचा काही संबंध नाही, हे त्यांनी मला न विचारता समजावलं. बेरजा जमल्या, नोंदी वाचणं जमलं. आलेखापाशी घोडं अडलं.

"आलेख काढायचं सामान या भाषेत नाही," हे म्हणाले. "ते दुसऱ्या कुणीतरी बनवून ठेवलंय. त्याला मॉड्यूल म्हणतात. पंख्याचा रेग्युलेटर आपण कुठे घरी घडवतो? तयार आणतो आणि बसवतो. तसंच."

धड्यातला मुलगा एक ओळ टाइप करायचा आणि त्याचं मॉड्यूल चुटकीसरशी बसायचं. हे तीच ओळ टाइप करायचे आणि पडदाभर लाल अक्षरं. सापडत नाही, म्हणे. ह्यांनी ओळ अक्षर अक्षर तपासली. पुन्हा लाल. कंप्युटर बंद करून चालू केला. लाल. माणूस हट्टाला पेटला होता. जेवायला बोलवायची सोय राहिली नव्हती.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी सुट्टीला येते ना, बसवून देते."

"आणि साहेबांनी दुसरं बसवायला सांगितलं तर? तुला डब्यात घालून नेऊ?"

इकडे माझी वेगळीच रड. माझ्या ताईशी मी दुपारी व्हिडिओ कॉलवर बोलते. तेवढाच विरंगुळा. ती सुनेबद्दल काहीतरी खास सांगायला लागली की कॉल तुटायचा. अगदी ऐन वेळी! त्या दिवशी तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मी फणकाऱ्याने आतल्या खोलीत गेले. बघते तर इंटरनेटच्या डबीची पिन भिंतीतून काढून टेबलावर ठेवलेली, आणि हे लाल अक्षरांकडे टक लावून बसलेले.

"ही कुणी काढली?"

"मी. मॉड्यूल बसवतोय."

"म्हणून माझा कॉल तोडायचा?"

"अगं, लाइन बंद केल्याशिवाय मी आयुष्यात काही बसवलेलं नाही. कंप्युटर बंद करून चालणार नाही, म्हणून निदान बाहेरून येणारी लाइन तरी..."

बोलता बोलता ते थांबले. पिनेकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मॉड्यूल येणार ते त्याच लाइनीतून, आणि हा बाबा रोज आधी लाइन तोडून मग त्याची वाट बघत बसलेला! पिन लावली, ओळ टाइप केली आणि मॉड्यूल निमूट येऊन बसलं. मी इतकी हसले की ताईला परत फोन लावायचं विसरले. ह्यांना हसू आलं नाही. त्यांनी ते मॉड्यूल काढून टाकलं आणि पहिल्यापासून पुन्हा बसवलं. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. हात बसेपर्यंत.

साहेबांसमोर दाखवायच्या दिवशी काय झालं ते मला ह्यांच्या जोडीदाराने, कॉम्प्रेसरवाल्याने, मागाहून सांगितलं. ऑफिसच्या कंप्युटरवर मॉड्यूल नव्हतंच. ह्यांनी तिथल्या तिथे बसवलं. बसलं, असं कंप्युटर म्हणाला. प्रोग्राम चालवला, तर मॉड्यूल नाही म्हणाला. साहेब घड्याळ बघायला लागले.

"साहेब, थोडं थांबा," हे म्हणाले. "कुठेतरी दोन बोर्ड आहेत. फिटिंग एकावर झालंय आणि बटण मी दुसऱ्यावरचं दाबतोय."

आणि होते दोन! कुणीतरी पूर्वी टाकलेला जुना पायथन, आणि एक नवा. मॉड्यूल जुन्यात बसलं होतं, प्रोग्राम नव्यात चालत होता. ह्यांनी ते नव्यात बसवलं, तशी पडद्यावर सगळ्या खोल्यांची एकेक रेघ उमटली. साहेबांनी आलेख बघितला, नुसतं "हं" केलं आणि ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लागलं. पुढचं कॉम्प्रेसरवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी हे घरी आले. चेहऱ्यावरून काही कळेना, आणि विचारायची माझी छाती होईना. मी मागे उभी राहिले. खांद्यामुळे शर्टाची उजवी बाही त्यांना एकट्याला काढता येत नाही. मी ती हळूहळू सोडवत होते.

"उद्या यायला थोडा उशीर होईल," पाठमोरेच ते म्हणाले. "अजून एक मॉड्यूल बसवायचंय. माझ्या टेबलावरच्या कंप्युटरवर."

बाही तशीच हातात धरून मी रडले. गेट तर गेट, असं मी म्हटलं होतं. देवाशप्पथ, ह्यांना त्या गेटवर बसलेलं मला बघवलं नसतं.