पायथ्याचा टॉवेल

१९७४ च्या जानेवारीतला सोमवार. तपासणीच्या खोलीत डॉक्टर, माझी पत्नी सुमन आणि मी. एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "प्ल्युरल इफ्यूजन." म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी. माझी उजवी बाजू निम्मी पांढरी दिसत होती.

"दाखल व्हा. पण खाट नाही. तालुक्याकडचे वॉर्ड बंद झाले, तिकडचे पेशंटही इथंच येताहेत. तोवर खाली गादी मिळेल. पाणी मात्र खाटेवर बसवूनच काढू."

मी इतवारीत भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. वॉर्डात शिरताच मोजलं : खाटा तीस, माणसं सत्तेचाळीस.

आडवं झालं की श्वास पुरेना. मी भिंतीला टेकून बसायचो. शेजारच्या खाटेवर उमरेडकडचे एक म्हातारे बाबा होते, सोबतीला सून. त्यांचं आता काही खरं नाही, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं.

वॉर्डाची एक रीत होती. रिकामी होणाऱ्या खाटेच्या पायथ्याशी खालचे लोक आपला टॉवेल ठेवत. ज्याचा टॉवेल आधी, त्याची खाट. सिस्टरही ते मानत. घरी जाणाऱ्याच्या पायथ्याशी तो ठेवताना काही वाटत नसे.

बुधवारी डॉक्टर सुमनला म्हणाले, "दम वाढलाय. आता फार थांबता येणार नाही."

ती माझा निळा टॉवेल घेऊन बाबांच्या खाटेशी उभी राहिली. ठेवेना, आणि तिथून हलेनाही.

बाबांनीच डोळे उघडले. "टाक वं बाई. मी काय खाट घरी घेऊन जाऊन राहिलो? पाय तेवढे मोकळे ठेव, मले अजून हलवाचे आहेत."

सून पदराआड हसली, मग रडली. बाबांनी गुडघे ओढून टॉवेलला जागा करून दिली.

दुपारी ते गेले. चादर बदलून मला वर घेतलं. रेक्झिनची गादी अजून कोमट होती. सुईने दीड लिटर पाणी निघालं आणि कितीतरी दिवसांनी मी पुरता श्वास घेतला.

पुढे वर्षभर क्षयाची औषधं घेतली. बरा झालो. ज्यांना अशी खाट मिळेल त्यांनी ती घ्यावी, लाजू नये. फक्त आधी खाटेवरच्या माणसाशी दोन शब्द बोलावे. मी बाबांचं नावही विचारलं नाही.

घरी आल्यावर सुमन म्हणायची, "पाय काहून आखडून राहिले? अर्धी खाट रिकामी आहे ना!" आता विचारत नाही. घडी केलेले कपडेही ती माझ्या पायथ्याशी ठेवत नाही.