पहूजच्या उतारावर वाहतूक समिती

विद्यापीठाच्या वाहतूक समितीत मला घेतलं, ते माझे वडील रेल्वेत होते म्हणून. "आपका तो खानदान ही रेलवे का है," असं म्हणून कुलगुरूंनी मला समितीची सचिव करून टाकलं. वडील झाशीला मालगाडीचे गार्ड होते. कुठली गाडी कधी सुटावी हे त्यांना उभ्या आयुष्यात कोणी विचारलं नाही. शेवटच्या डब्यात बसून ते हिरवा झेंडा दाखवायचे. माझ्याकडूनही साधारण तेवढीच अपेक्षा होती.

जुन्या आवारात जागा उरली नव्हती, म्हणून काही विभाग आणि मुलींचं वसतिगृह पहूज नदीच्या काठी हलणार होतं. पोरांनी इकडून तिकडे जायचं कसं, ते आम्ही ठरवायचं. त्यासाठी दिल्लीहून एक तरुण सल्लागार आला. त्याने पडद्यावर आमचा नदीकाठ दाखवला. निळंशार पाणी, झाडांची रांग, सायकलवर हसऱ्या मुली आणि पाण्यात शिडाची होडी. पहूज मी लहानपणापासून बघते आहे. वर्षातले बरेच महिने तिच्यात जलपर्णी असते आणि उरलेल्या पाण्यात म्हशी. होडी सोडून मी नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उताराचं विचारलं.

"जेंटल ग्रेडिएंट है, मॅम," तो म्हणाला.

उताराखाली रपटा आहे, म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल. तिथे बस वळणार कशी, हेही मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात समोसे आले आणि बैठकीचा सूरच बदलला. सायकल मार्गाची शिफारस करायची असं ठरलं. कुलगुरूंना मात्र त्याआधी फोटो हवा होता. समितीने स्वतः सायकल चालवून दाखवावी, असं त्यांनी सुचवलं, आणि कुलगुरूंनी सुचवलेलं सुचवणं नसतं.

प्रेम नगरच्या घरी मी आईला हे सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"तुला सायकल येते?"

"यायची."

"पोहणंही यायचं तुला. म्हणून काय उद्या उडी मारणार आहेस?"

एप्रिलची सकाळ होती, पण फोटोग्राफर उशिरा आल्यामुळे निघेपर्यंत ऊन चांगलंच तापलं. आमचे कुलसचिव सफारी सूट आणि नव्या पांढऱ्या बुटांत आले होते. देह भारदस्त, त्यामुळे सायकल आधी दिसेना. सल्लागार हेल्मेट घालून सगळ्यांच्या पुढे. आमच्यामागून दोन-तीन ई-रिक्शा हळूहळू येत होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. प्राध्यापक सायकलवर दिसले, तेव्हा गिऱ्हाईक फार लांब नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

उतार लागला. मी ब्रेक दाबला. ब्रेक दबला, बाकी काही झालं नाही. मी कुलसचिवांना मागे टाकलं, मग सल्लागाराला, मग कॅमेरा लावून उभ्या फोटोग्राफरला. ओढणी कानामागे फडफडत होती. रपट्याकडचं वळण आलं आणि गेलं. मी सरळ नदीच्या चिखलात शिरले आणि पोटरीपर्यंत रुतून उभी राहिले. शेजारच्या म्हशीने माझ्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून जागा दिली.

मला हसू आवरेना. लागलं काहीच नव्हतं. खरं म्हणजे पन्नाशी ओलांडल्यापासून अंगावरून असा वारा गेलाच नव्हता, आणि समितीच्या कामात असं काही हाती लागेल याची मला कल्पना नव्हती.

परतीचा चढ मात्र चढच होता. कुलसचिव पहिल्याच झाडाशी थांबले. "ज़रा इनका मॉडल देख लेता हूँ," असं म्हणून ते एका ई-रिक्शात बसले आणि उतरलेच नाहीत. थोड्या वेळाने सल्लागारही आत गेला. मी चिखलाच्या चपला हँडलला अडकवून अनवाणी सायकल ढकलत होते. ती रिक्शा चालवणारी बाई माझ्या बरोबरीने चालत्या वेगात येत राहिली.

"मैडम, काए खों परेसान हो रईं? बैठ जाओ."

"और साइकिल?"

"ऊ भी बैठ जैहै."

सायकल मागे बांधली. आत समितीचे गुडघे एकमेकांना टेकत होते आणि समोसे नव्हते. मी रपट्याचं बोलले. बस वळणार नाही, पावसात रस्ता बंद पडेल आणि मुली वसतिगृहात अडकतील. कुलसचिव बूट काढून पाय चोळत होते. त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेतलं.

"तो फिर पहले पुल," ते म्हणाले. सल्लागाराने बाहेर चढाकडे पाहिलं.

पूल अजून झालेला नाही. तो प्रस्तावित आहे. सायकल मार्ग झाला. त्यावर ई-रिक्शा उभ्या राहतात आणि पोरं त्यांतूनच जातात-येतात. गेल्या पावसाळ्यात रपटा बुडाला तेव्हा वर्गांना सुट्टी मिळाली, आणि विद्यार्थ्यांमध्ये आमची समिती एकदम लोकप्रिय झाली. अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो आहे. त्यात कुलसचिव आणि सल्लागार हसत सायकल चालवताहेत. एका कडेला धुरकट काहीतरी दिसतं, ती मी.

आता रविवारी सकाळी मी सायकल घेऊन तिथे जाते. ब्रेक दुरुस्त करून घेतला आहे, पण उतारावर तो फारसा दाबत नाही. वर यायला ती बाई असतेच. ती सायकलचंही भाडं लावते, आणि मी मुकाट्याने देते.